पहिली-दुसरीतल्या मुलाला पीटीचे बूट घेताना

जूनच्या शेवटाला आमच्या मैदानावर दरवर्षी एक तरी बूट उडतो. पहिली-दुसरीची पोरं रांगेत उभी असतात, शिट्टी वाजते, आणि चार पावलांवर कुणाचा तरी उजवा बूट पायातून निसटून मालकाच्या पुढे जातो. पोरगं बिचारं मोज्यावर पळत राहतं. बूट उचलून आत हात घातला की टोकाला वर्तमानपत्राचा बोळा सापडतो. घरच्यांनी दोन नंबर मोठा घेतलेला असतो, वाढत्या अंगाचा. शर्ट वाढत्या अंगाचा चालतो, बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही. सैल बुटात पाय पुढे-मागे घसरतो, टाचेला फोड येतात, आणि पोर पळताना बूट पडू नये म्हणून बोटं आवळून धरतं. मग ते सावकाश पळतं आणि आपण म्हणतो, याला खेळाची आवडच नाही.

मी एकोणीस वर्षं पीटी घेते आहे. ज्यांचं पहिलंच मूल शाळेत चाललंय आणि दुकानातल्या त्या भिंतभर बुटांपुढे ज्यांना काही सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम सांगते तसाच ठेवा. दुकान तिसऱ्या पायरीवर येतं, आधी नाही.

आधी शाळेत विचारा

बहुतेक पालक फक्त रंग विचारतात. पांढरे की काळे? तो प्रश्न हवाच, कारण कित्येक शाळांत शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हास हा नियम अजून आहे. पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारा. पीटीचे तास आठवड्यात किती, आणि ते कशावर होतात?

हा "कशावर" सगळ्यात महत्त्वाचा. मुरमाचं मैदान सोल खातं. मऊ फोमचा सोल असेल तर दिवाळीपर्यंत टाच झिजून तिरकी होते. शहरातल्या बऱ्याच शाळांना मैदान असं नसतंच, पेव्हर ब्लॉकचं अंगण असतं, नाहीतर काँक्रीट. तिथे सोल टिकतो, पण प्रत्येक उडीचा दणका टाचेला आणि गुडघ्याला बसतो, म्हणून तिथे गादी जाड हवी. पावसाळ्यात तास व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये सरकतो, आणि ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत सोल म्हणजे साबणावर चालणं. शाळेत लाकडी किंवा सिंथेटिक कोर्ट असेल तर फरशीवर काळे ओरखडे न उठवणारा सोल मागतात. दुकानात "नॉन-मार्किंग" म्हटलं की कळतं.

पीटीच्या सरांना किंवा बाईंना गाठून विचारलंत तर उत्तम. कार्यालयातून मिळणाऱ्या छापील यादीत रंग असतो, मैदान नसतं.

जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळेत मूल असेल तर आणखी एक विचारा: बूट शाळेतून मिळणार आहेत का? २०२३ मध्ये राज्य सरकारनं गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं होतं, विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरून. १७० रुपयांत काय येतं ते सगळ्यांना कळतं. परिपाठाला ते चालतील. मूल रोज खेळणारं असेल तर दुसरी जोडी लागतेच.

मग पाय मोजा, घरीच

संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून, पळून पाय थोडा फुगतो, आणि बूट त्या फुगलेल्या पायावर बसायला हवा. जे मोजे घालून शाळेत जाणार तेच घाला. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, मुलाला पाठ भिंतीकडे करून उभं करा, टाच भिंतीला टेकलेली. बसवून मोजू नका. उभं राहिल्यावर पाय लांब होतो आणि पसरतो. सगळ्यात लांब बोटासमोर पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांचं ते बोट धरायचं. दोन्ही पाय मोजायचे. दोन्ही सारखे क्वचितच निघतात. मोठा निघेल तो आपला पाय.

समजा उजवा १९.२ सेंमी भरला आणि डावा १९.६. तर १९.६ मध्ये १ सेंमी मिळवा. २०.६ सेंमी लांबीची, बोटभर रुंद अशी जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा. वहीचा मागचा पुठ्ठा चालतो. ही पट्टी खिशात टाकून दुकानात जायचं. बुटात सरकवायची, टाचेपासून टोकापर्यंत. न वाकता बसली आणि पुढे-मागे फारशी हलली नाही की लांबी जमली. बाबा ऑफिसातून येता येता एकटेच बूट घेऊन येणार असतील तर ही पट्टी म्हणजे मुलाचा पाय. माझ्याकडे पालकसभेत आता लोक आपापल्या पट्ट्या दाखवतात.

१ सेंमी एवढ्याचसाठी की सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा पाय साधारण वर्षाला तेवढाच वाढतो, आणि पळताना पाय बुटात थोडा पुढे सरकतो त्याला जागा लागते. वाढत्या अंगाची सोय या १ सेंमीत आलीच. त्यावर आणखी देऊ नका.

नंबरांचा घोळ

"बाई, गेल्या वर्षी बारा नंबर होता, आता दुकानदार एक म्हणतोय, पाय लहान झाला का?" दर जूनला कुणीतरी विचारतंच. पाय लहान होत नाही. आपल्याकडे इंग्रजी पद्धतीचे नंबर चालतात आणि त्यात मुलांचे नंबर तेरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून सुरू होतात. बारा, तेरा, मग एक, दोन. एका नंबरात इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास फरक. मुळात हे माप बार्लीच्या दाण्याच्या लांबीवरून आलं. सातासमुद्रापलीकडच्या एका दाण्यावर आपल्या पोरांचे पाय मोजतोय आपण. दोन नंबर मोठा घेणं म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंमी जादा, हे आता लक्षात येईल.

डब्यावर कधी ३२, ३३ असे आकडे दिसतात, ते युरोपचे. सेंटिमीटरही छापलेले असतात, पण काही कंपन्या तिथे पायाची लांबी देतात तर काही बुटाच्या आतली, म्हणून त्याच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. एका कंपनीचा तेरा दुसरीच्या बाराएवढा निघतो. आपली पट्टी खरी.

लांबीइतकीच रुंदी बघा. ती नंबरात कुठेच नसते. परदेशी साच्यावर बेतलेले बूट आपल्या पायांना चवड्याशी चावतात हा सगळ्यांचा अनुभव. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखावर लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यातही आपले पाय रुंद निघाले. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापनपद्धत सुचवली गेली आहे. ती दुकानांत रुळेपर्यंत एक सोपी खूण: मूल उभं राहिल्यावर बुटाची कड सोलच्या बाहेर फुगून आली, करंगळीचा आकार कापडावर उमटला, तर बूट अरुंद आहे. अशा वेळी दुकानदार "एक नंबर वरचा देतो" म्हणतो. नको. लांबी बिघडते. दुसरं मॉडेल मागा.

दुकानात

शक्य असेल तर मुलाला बरोबर न्या. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी जाऊ नका. त्या दिवशी दुकानदाराला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो आणि पोराला नंबर सापडला हेच नशीब वाटून माणूस बाहेर पडतो. मेअखेरीची एखादी मधली संध्याकाळ बरी.

बूट हातात घ्या. पायात घालण्याआधी हातानं चार गोष्टी बघायच्या, दोन मिनिटं लागतात.

टोक आणि टाच धरून वाकवा. बूट चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे बोटं पायाला जोडलेली असतात तिथे. मधोमध घडीच्या पोळीसारखा दुमडला तर तो पळण्याचा बूट नव्हे. आणि कुठेच वाकला नाही तर तो लाकडी खडावांचा भाऊ.

मग ओला कपडा पिळतात तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, पूर्ण वेढा बसू नये.

टाचेची मागची भिंत चिमटीत दाबा. ती ताठ हवी. पोरं लेस न सोडता, टाच चिरडून बूट पायात कोंबतात, आणि पोची भिंत असेल तर महिन्याभरात बुटाची सपाता होते.

शेवटी सोल. चकचकीत, जड, प्लास्टिकचा उग्र वास येणारा असेल तर तो पीव्हीसी. स्वस्त असतो, झिजतही नाही लवकर, पण ओल्या फरशीवर घसरतो आणि थंडीत कडक होतो. हलका, मऊ, बोटानं दाबला की दबणारा पांढरा फोम म्हणजे ईव्हीए. गादी म्हणून छान, पण खालून नुसता फोमच असेल तर मुरूम त्याला गिळतो. मला विचाराल तर फोमची गादी आणि खाली टाचेला व चवड्याला रबराची पट्टी, हा मेळ आमच्यासारख्या मैदानाला सगळ्यात बरा. रबर आहे की नाही ते उलटं करून दिसतं: रंग वेगळा असतो आणि नखानं खरवडलं तर नख चिकटल्यासारखं अडतं. खाचा खोल असाव्यात, पण फुटबॉलचे खिळेवाले बूट पीटीला नकोत. काँक्रीटवर त्यांच्यावरून मूल घसरतं, आणि पडतं ते हातावर.

दिवे लागणारे, चाकं निघणारे बूट वाढदिवसाला घ्या. ते जड असतात, आणि रांगेतली बाकीची सगळी पोरं कवायत सोडून दिवेच बघतात.

शाळेची पांढऱ्या कॅनव्हासची सक्ती असेल तर निवड कमी असते. पातळ सपाट सोलचा जुना कॅनव्हास कवायतीला, योगासनांना, संचलनाला अगदी चालतो. काँक्रीटवर पंधरा मिनिटं पळायला नाही. अशा वेळी जाड सोलचा पांढरा बूट चालेल का, असं शाळेला विचारा. बहुतेक ठिकाणी रंग पांढरा असला की कुणी काही म्हणत नाही. नाहीच चालला तर आत वेगळा मऊ सुकतळा घाला, पण मग पट्टी सुकतळा घातल्यावर सरकवून बघायची.

किमतीचं म्हणाल तर साधा कॅनव्हास पाचशेच्या आत येतो, आणि बरा हलका बूट हजाराच्या अलीकडे-पलीकडे मिळतो. त्याच्या पुढे लहान मुलासाठी जाऊ नका असं मी म्हणेन. आठ-दहा महिन्यांत पाय त्यातून बाहेर येणार आहे, मग नाव कुठलं का असेना.

पायात घालून

दोन्ही पायांत घाला. दुकानदार एकच देतो आणि अंगठा दाबून "बघा, आहे जागा" म्हणतो. अंगठा दाबणं फसवं आहे, कारण दाबलं की पोर बोटं आत ओढून घेतं. त्यापेक्षा सुकतळा निघत असेल तर बाहेर काढा, मुलाला त्याच्यावर उभं करा, टाच मागच्या कडेला जुळवून. पुढे तुमच्या करंगळीच्या रुंदीएवढी जागा उरली की झालं.

आता लेस बांधून चालवा, पळवा, दुकानातल्या दुकानात पाच उठाबशा काढायला लावा. जिना असेल तर चढवा-उतरवा. चढताना टाच बुटातून वर निघते का ते मागून बघा. उतरताना बोटं पुढे आपटतात का ते मुलाला विचारा. "छान आहे ना?" असं विचारू नका. रंग आवडलेला असतो, ते होच म्हणणार. "कुठे लागतंय, बोट ठेवून दाखव" म्हटलं की खरं उत्तर येतं. "वापरला की सैल होईल" या वाक्याला तर अजिबात भुलू नका. आजचा कृत्रिम कापडाचा बूट चामड्यासारखा पसरत नाही, आज चावतो तो दिवाळीतही चावेल.

ऑनलाइन मागवत असाल तर परत घेण्याची सोय आहे का ते आधी वाचा, आणि आला की घरातल्या स्वच्छ फरशीवरच हे सगळं करा. सोलला माती लागली की परत करताना वाद होतो.

लेस की वेल्क्रो? पहिलीला वेल्क्रो. साठ पोरं आणि मी एकटी, निम्मा तास सुरगाठी बांधण्यात जातो. फक्त वेल्क्रोत मुरमाची धूळ आणि मोज्याचे धागे अडकून तो महिन्या-दोन महिन्यांत धरेनासा होतो. जुन्या टूथब्रशनं घासला की पुन्हा धरतो. तिसरीपासून लेस घ्या, पण सुरगाठ घरी शिकवून पाठवा. निरगाठ मारून पाठवलेल्या लेसा मी दातांनी सोडवलेल्या आहेत.

दादाचे बूट

घरात मोठ्याचे बूट असतील तर टाकू नका, तपासा. टेबलावर ठेवून मागून बघा. दोन्ही सरळ उभे असतील, एका अंगाला कलत नसतील, खाचा शाबूत असतील, तर धुऊन, नवे सुकतळे घालून खुशाल द्या. कललेला बूट मात्र नको. त्याच्यावर दादाची चाल बसलेली असते.

याच्या उलट गोष्ट सेलची. आमच्याकडच्या एका आईनं सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून पुढच्या नंबरचे भारी बूट घेऊन माळ्यावर ठेवले. अडीच वर्षांनी मुलाला बसले तेव्हा काढले, एकदाही न वापरलेले. शंभर मीटरच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर सोलचा खारी बिस्किटासारखा भुगा झाला, मैदानावर पांढरे तुकडे पडलेले. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल होता. हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवतो, वापरा अगर न वापरा. कोकणात, मुंबईत तर जास्तच. म्हणून डब्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचा, आणि सवलतीच्या ढिगातला दोन-तीन वर्षं जुना माल सोडून द्या.

मोजे, पाऊस आणि चिखल्या

मोजे सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेले, पायाच्या मापाचे. आखूड मोजासुद्धा बोटं आवळतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात दप्तरात एक जास्तीची जोडी, पिशवीत गुंडाळून.

बूट भिजून आले की सुकतळे बाहेर काढा, लेस मोकळी करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा (बोळ्याची खरी जागा इथे), तासाभरानं बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको, चिकटवलेला सोल सुटतो. सुटलाच तर मोच्याकडून सोलला चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या, नुसतं चिकटवलं तर पहिल्या पावसात परत सुटतो.

ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय धुऊन बेचकं कोरडं पुसायची सवय लावा. आठवड्यात बरं झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पायाबद्दल एवढंच आणखी सांगते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा तळपाय सपाट दिसतो म्हणून घाबरून दुकानदार सांगेल तो महागडा बूट घेऊ नका. त्या वयात तो तसा असतोच. चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसली तर बहुधा चिंता नाही. पण पाय दुखत असेल, किंवा आठ ते चौदाच्या वयात पळून आल्यावर टाच दुखते म्हणून मूल लंगडत असेल, तर ते नाटक समजू नका. त्या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि ते खरंच दुखतं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आम्हालाही कळवा, म्हणजे आम्ही त्या मुलाला पळवत नाही.

खो-खो, कबड्डीच्या संघात मूल निवडलं गेलं तर वेगळे बूट घ्यायची घाई नको. मातीच्या मैदानावर पोरं अनवाणीच खेळतात, मैदान झाडलेलं असेल तर माझी हरकत नसते. मॅटवर खेळायची वेळ आली की प्रशिक्षक सांगतील ते घ्या. जाड गादीचा पळण्याचा बूट तिथे उलट पाय मुरगळवतो, खांबाशी वळताना तर हमखास.

पुन्हा कागदावर

पाय मोजला तो कागद टाकू नका. दिवाळीच्या सुट्टीत त्याच कागदावर पुन्हा पाय ठेवा, नवी खूण करा, शेजारी तारीख घाला. बुटात पुढे अर्ध्या सेंमीपेक्षा कमी जागा उरली असेल तर बूट बदलायची वेळ आली, बूट नवाकोरा दिसत असला तरी. मूल बूट काढताच बोटं चोळत बसतं, मोजा अंगठ्याशीच फाटतो, नखाच्या कडा लाल होतात, ही सगळी तीच खूण.

आणि डिसेंबर-जानेवारीत क्रीडामहोत्सव असतो. नवे घ्यायचे तर निदान पंधरा दिवस आधी घ्या, रोज थोडा वेळ घालून घराजवळ खेळू द्या. स्पर्धेच्या सकाळी कोरे बूट घालून ऐटीत आलेलं पोर दुपारी टाचेला फोड घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिकटपट्ट्या त्या दिवशी अकरालाच संपलेल्या असतात.